दरमहा दोन रुपये



गेल्या वार्षिक सभेत विद्यार्थ्यांच्या गुणगौरवाचा कार्यक्रम चालू असता एका तरुण सभासदाने अशी सूचना मांडली की, केवळ परीक्षेत अधिक गुण मिळविणाऱ्या मुलांचाच सत्कार का व्हावा? ज्या मुलाने कोवळ्या वयात स्वतःच्या हिकमतीने चार पैसे मिळविले, त्याच्या गळ्यात हार का पडू नये? सूचनेस टाळ्या पडल्या. काही वडीलधाऱ्या मंडळींनी नाके मुरडली. मागाहून संपादक मंडळाने, मला इतिहासाची आवड आहे म्हणून म्हणा किंवा सेवानिवृत्तीनंतर मी रिकामा आहे म्हणून म्हणा, बालपणीच कमाईस लागून पुढे उद्योजक झालेल्या व्यक्तींवर लेख लिहिण्याचे काम मजकडे सोपविले. माझे शिक्षण मॅट्रिकचे. त्यावर अध्यापक विद्यालयातील दोन वर्षे आणि खेड्यांतील शाळांतील तीन तपांहून अधिक काळ. तेवढ्या शिदोरीवर हा लेख लिहीत आहे. या विषयात माझ्या हातून एक अपराधही घडलेला आहे. तो यथाक्रम सांगेन.

आमच्या घरी देव्हाऱ्याशेजारी खुंटीला पंचांग टांगलेले असे. आजोबांच्या काळी ते मुंबईहून आगगाडीने जालन्यास येई आणि पाडव्याच्या आधी बाजारातून घरी येई. पाडव्यास त्याची पूजा होऊन वर्षफल वाचले जाई. त्याच्या पहिल्या पृष्ठावर मोठ्या, ठसठशीत अक्षरांत 'निर्णयसागर' हे नाव असे. अक्षरे गिरविण्याच्या वयात मी ते नाव बोटाने गिरवीत असे. ती अक्षरे घडविणारा मनुष्य दहा वर्षांचा असताना दरमहा दोन रुपयांवर कामास लागला होता, हे मला पुष्कळ वर्षांनी, शिक्षक झाल्यावर कळले.

त्याचे नाव जावजी दादाजी, आडनाव चौधरी. जन्म १८३९ साली मुंबईत, मराठा कुटुंबात झाला. घरी अठराविश्वे दारिद्र्य. शाळेचा योग जेमतेम. वयाच्या दहाव्या वर्षी मुंबईतील अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाईप घासण्याच्या कामावर त्यांस ठेवण्यात आले. हे काम काय असते, ते आजच्या वाचकांस सांगितले पाहिजे, कारण खिळ्यांची छपाई आता नामशेष झाली आहे. शिसे, अँटिमनी व कथील यांचा रस करून तो साच्यात ओतीत आणि एकेक अक्षराचा खिळा पाडीत. साच्यातून निघालेल्या खिळ्याला शेपटासारखा जादा धातू चिकटून येई, तो मोडावा लागे. मग खिळ्याच्या बाजू दगडावर घासून गुळगुळीत व सारख्या कराव्या लागत. एक खिळा केसभर जाड राहिला तर ओळ वाकडी बसे, एक खिळा केसभर उंच राहिला तर कागद फाटे. इंग्रजीचे काम थोड्या अक्षरांत भागते. देवनागरीस काना, मात्रा, वेलांट्या, रफार व जोडाक्षरे मिळून शेकडो निरनिराळे खिळे लागतात. हे घासण्याचे काम बोटांचे, म्हणून ते सर्वत्र लहान पोरांकडे असे. विलायतेतही तीच रीत होती. पोरांची बोटे शिशाने काळी होत. शिसे अंगात भिनते, हे ज्ञान त्या काळी कोणी पोरांपर्यंत पोचविले असेल असे वाटत नाही.

येथवरची कथा एका बालमजुराची आहे. उद्योजकाची कथा कोठे सुरू होते, हे मी पुष्कळ दिवस शोधीत होतो. ती पगारवाढीत सापडत नाही. मला ती सापडली त्या छापखान्याच्या वातावरणात. त्या काळी तेथे टॉमस ग्रॅहम नावाचा अमेरिकन गृहस्थ मराठी टाईप सुबक करण्याच्या खटपटीत होता. त्याच्या नजरेखाली काम करणारे जे हिंदी कारागीर होते, त्यांत राणोजी रावजी आरू हे अक्षर कोरण्यात निष्णात झाले. घासणारा पोर ज्या खोलीत बसे, तेथेच ओतणारा बसे आणि कोरणाराही बसे. डोळे उघडे ठेवणाऱ्या मुलास धातूच्या रसापासून छापलेल्या पृष्ठापर्यंतचा सगळा मार्ग दिसत होता. जावजींनी तो पाहिला. पुढे अन्य छापखान्यांतूनही त्यांनी काम केले, त्यांत 'इंदुप्रकाश'चाही समावेश होतो. प्रत्येक ठिकाणी नव्या कामाची माहिती गाठीस बांधून ते बाहेर पडले. १८६४ च्या सुमारास त्यांनी स्वतःची टाईप ओतण्याची लहानशी शाळा काढली. अक्षरे कोरण्यास जुने स्नेही राणोजी आरू होतेच. १८६९ साली निर्णयसागर छापखाना निघाला आणि त्याच नावाचे पंचांगही.

पंचांगाची निवड ही, माझ्या अल्पमतीप्रमाणे, त्यांच्या व्यापारी बुद्धीची खरी साक्ष होय. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी त्यापूर्वीच मराठी पंचांग छापले होते, तेव्हा ही वाट अगदीच नवी नव्हती. पण विचार करा. पोथी एकदा घेतली की दोन पिढ्या पुरते. पंचांग वर्षात शिळे होते. गिऱ्हाईक पाडव्यास पुन्हा दारात येणारच. शिवाय पंचांगात बारीक अक्षरांचे व आकड्यांचे कोष्टक असते. तेथे खिळा मळका किंवा ओबडधोबड असेल तर तिथी चुकते आणि लोक नावे ठेवतात. ज्याने लहानपणी खिळे घासले, त्याचाच खिळा या कसोटीस उतरणार. म्हणजे दोन रुपयांच्या कामात जे बोटांना कळले होते, तेच पुढे भांडवल झाले.

त्यानंतरचे कार्य सुप्रसिद्ध आहे. विनायक कोंडदेव ओक यांचे 'बालबोध' मासिक १८८१ साली येथूनच निघू लागले, आणि आमच्या आजोबांच्या पिढीला मुलांसाठी वाचावयास म्हणून काही मिळू लागले. १८८६ पासून पंडित दुर्गाप्रसाद व काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखाली 'काव्यमाला' सुरू झाली. हस्तलिखितांत पडून राहिलेली संस्कृत काव्ये स्वस्त व शुद्ध रूपात विद्वानांच्या हाती पडली. काशीपासून युरोपातील विद्यापीठांपर्यंत ज्यांनी संस्कृत अभ्यासिले, त्यांच्या कपाटात कोलभाट गल्लीचा पत्ता छापलेली पुस्तके असत. ज्याला शाळा धड लाभली नाही, त्याच्या छापखान्याची मुद्रिते शुद्धतेबद्दल प्रमाण मानली जावीत, ही गोष्ट सामान्य नव्हे. १८९२ साली जावजींचे देहावसान झाले. पुढे तुकाराम व पांडुरंग जावजी यांची नावे त्या पुस्तकांवर दिसतात.

आता सूचना मांडणाऱ्या आमच्या तरुण मित्रास मी एक प्रश्न विचारू इच्छितो. त्या खोलीत जावजींच्या बरोबरीने खिळे घासणारी आणखी पोरे असणारच. त्यांचे काय झाले? त्यांची नावे आपणांस ठाऊक नाहीत. चरित्र जो वर येतो त्याचेच लिहिले जाते. एकाच्या चरित्रावरून 'लहानपणी कमाईस लावले म्हणजे मूल कर्तबगार निघते' असा सिद्धान्त काढणे, हे गावातल्या एका विहिरीस पाणी लागले म्हणून सगळा माळ खणण्यासारखे आहे.

याच काळात, सात समुद्रांपलीकडे, असाच एक मुलगा कमाई करीत होता. टॉमस एडिसन वयाच्या बाराव्या वर्षी, १८५९ साली, आगगाडीत वर्तमानपत्रे व खाऊ विकू लागला. १८६२ साली अमेरिकेतील यादवी युद्धात शायलोची मोठी लढाई झाली, तेव्हा त्याने पुढच्या स्थानकांवरच्या फळ्यांवर तारेने लढाईची बातमी लिहवून घेतली आणि हजार अंक उधार उचलले. स्थानकागणिक किंमत वाढवीत ते विकले, असे तो स्वतः पुढे सांगत असे. त्याच वर्षी त्याने गाडीच्या सामानाच्या डब्यात हातछापखाना मांडून स्वतःचे छोटेखानी वर्तमानपत्र काढले. येथेही तोच प्रकार दिसतो. अंक विकता विकता बातमी, तारायंत्र व छपाई ही तिन्ही त्याच्या हाताशी आली. नुसते खारे दाणे विकत राहिला असता, तर पैसे मिळाले असते, एडिसन मिळाला नसता.

आपल्या कोकणातील भागोजी बाळूजी कीर यांची हकीकतही येथे सांगण्याजोगी आहे. रत्नागिरीच्या एका गरीब भंडारी कुटुंबात ते जन्मले. लहानपणी झाडाखाली पडलेल्या उंडीच्या बिया गोळा करून ते विकीत आणि त्या पैशावर शिकू पाहत. या बियांचे तेल दिव्यास चाले. पण उंडीच्या बियांत पुढे जाण्यासारखे काही नव्हते. ते सुताराच्या हाताखाली गेले, पोरवयातच मुंबईस आले, लाकूडकाम शिकले, आणि पुढे बांधकामाचे नामांकित ठेकेदार झाले. स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या विनंतीवरून त्यांनी रत्नागिरीस पतितपावन मंदिर बांधले; १९३१ साली ते सर्व हिंदूंस खुले झाले. दादरच्या स्मशानभूमीस त्यांचेच नाव आहे. बियांचा पैसा त्यांनी शिकण्यासाठी खर्चिला आणि बियांचा धंदा सोडून ते हातकसबाकडे वळले, या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात.

या मालिकेत स्त्रियांची नावे का आढळत नाहीत, असे एखादी भगिनी विचारील. मुली कमावीत नव्हत्या असे मुळीच नाही. आमच्या भागात दिवाळीच्या सुटीत कापूस वेचावयास जाणाऱ्या मुली मी वर्षानुवर्षे पाहिल्या. वेचणीचा हिशेब वजनावर असतो, आणि चपळ मुलगी मोठ्या बाईच्या बरोबरीने ओटी भरते. परंतु तिचा पैसा तिच्या हाती कधी पडला नाही. तो घरात जिरला. मुलग्याच्या कमाईस लोक 'धंदा' म्हणतात, मुलीच्या कमाईस 'मदत' म्हणतात. विदर्भातील श्रीमती कल्पना सरोज यांचे लग्न बाराव्या वर्षी झाले होते. ते दुःख भोगून त्या मुंबईस गेल्या, कपडे शिवण्याच्या कारखान्यात मजुरी केली आणि कालांतराने बुडीत निघालेला कमानी ट्यूब्ज हा कारखाना त्यांनी उभा केला. २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. असे उदाहरण विरळा.

आता आपल्या जालन्याकडे वळू. 'जालना सोन्याचा पाळणा' ही म्हण आपण सर्वच जण अभिमानाने सांगतो. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड-हैदराबाद लोहमार्ग येथून गेला आणि कापसाच्या व्यापारास उधाण आले. सरकी काढण्याचे व गठाणी दाबण्याचे कारखाने उभे राहिले. पाळणा सोन्याचा होता खरा, पण पाळण्याच्या वयाहून थोड्याच मोठ्या मुलांचे त्या काळी काय होत असे, हे पाहिले पाहिजे. इंग्रजी मुलखात १८८१ साली कारखान्यांचा पहिला कायदा झाला. त्याने सात वर्षांखालील मुलांस कामावर ठेवण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसास नऊ तासांची मर्यादा घातली. आज हे वाचताना अंगावर काटा येतो. त्या काळी हे दयेचे कृत्य समजले जाई. वर्षातून चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने त्यातून वगळलेले होते, म्हणजे कापसाच्या हंगामावर चालणाऱ्या कित्येक कारखान्यांस मोकळीकच मिळाली. १८९१ साली वयाची अट नऊ वर्षे झाली आणि चौदा वर्षांखालील मुलांचे काम सात तासांवर आले. आणि जालना तर निजामाच्या राज्यात. इंग्रजांचा तो कायदा येथे लागूच नव्हता.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या चोविसाव्या कलमाने चौदा वर्षांखालील बालकांस कारखाने, खाणी व धोक्याची कामे यांत ठेवण्यास मनाई केली. १९८६ साली बालमजुरीचा स्वतंत्र कायदा आला. २००९ साली शिक्षणाच्या हक्काचा. आणि २०१६ साली दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालील मुलास कोणत्याच धंद्यात नोकरीस ठेवता येणार नाही असे ठरले. मात्र एक अपवाद ठेवण्यात आला. शाळा सुटल्यावर व सुटीच्या दिवसांत मुलाने आपल्या कुटुंबाच्या धंद्यात, तो धोक्याचा नसेल तर, हातभार लावावा यास हरकत नाही. हा अपवाद आपल्यासारख्या ज्ञातीस जवळचा आहे. बापाच्या शेजारी दुकानात बसून तराजू धरावयास शिकलेली, हत्यारांची नावे पाढ्यांच्या आधी पाठ झालेली कितीतरी माणसे या सभागृहात बसतात. त्या शिक्षणाची किंमत मी कमी लेखीत नाही. परंतु 'शाळा सुटल्यावर' हे दोन शब्द कायद्यात आहेत, आणि घरच्या धंद्यात ते पाळले जातात की नाही हे पाहावयास कोणी येत नाही. ते आपले आपणच पाहावयाचे आहे.

अलीकडे वर्तमानपत्रांत तेरा-चौदा वर्षांच्या मुलांनी कंपन्या काढल्याचे वृत्त येते. २०१८ साली मुंबईतील तेरा वर्षांच्या एका शाळकरी मुलाने डबेवाल्यांच्या साहाय्याने शहरातल्या शहरात कागदपत्रे व पुडकी त्याच दिवशी पोचविण्याची व्यवस्था उभी केली. कल्पना उत्तम, यात शंका नाही. परंतु १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञानाने केलेला करार करारच ठरत नाही. तेव्हा अशा प्रत्येक बालउद्योजकामागे सही करणारा, भांडवल घालणारा, चुकले तर सावरणारा कोणीतरी मोठा माणूस असतो. जावजींच्या मागे सही करणारा कोणी नव्हता. दोघांसही 'बालउद्योजक' ही एकच पदवी देताना आपण थोडे थांबावे.

येथे कोणी म्हणेल, जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांचे नाव का घेत नाही? १९६४ साली त्यांनी येथे महिको ही बियाण्यांची कंपनी स्थापिली, भेंडीच्या सुधारित बियाण्यापासून आरंभ करून जालन्याचे नाव बियाण्याच्या व्यापारात सर्वत्र केले, १९९८ साली त्यांस जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. विद्यार्थीदशेत ते हैदराबाद मुक्तिलढ्यात पडले होते. मात्र बियाण्यांच्या उद्योगास त्यांनी हात घातला तो तरुणपणी. म्हणून ते या लेखाच्या कक्षेत येत नाहीत.

कक्षेत येतात ते वेगळेच. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या बाजूंची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या ऊसतोडीस निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुले बरोबर जातात. आईबाप ऊस तोडतात, मोळ्या बांधतात. आणि सातआठ वर्षांचे पोर वाढ्यांच्या पेंढ्या बांधून रस्त्याच्या कडेला जनावरांच्या वैरणीसाठी विकते. भाव ठरविते, मोड परत देते, गिऱ्हाईक पाहून पेंढी लहानमोठी करते. बाजारपेठेतील कोणते ज्ञान त्याला कमी आहे? तथापि त्याच्या गळ्यात हार घालण्याची सूचना अद्याप कोणी मांडली नाही. फाल्गुन-चैत्रात ते परत येते, तेव्हा वर्गातील मुले दोन पुस्तके पुढे गेलेली असतात. या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहे चालविण्याची योजना आहे. जेथे ती मनापासून चालविली जाते तेथे मुले आजीपाशी राहून शिकतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. जेथे ती कागदावर चालते तेथे काय होते, तेही पाहिले आहे.

कमाई आणि शाळा यांची सांगड घालणारा एकच मोठा प्रयोग महाराष्ट्रात झाला, तो कर्मवीर भाऊराव पाटील यांचा. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ साली सातारला सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. मुले शेतात राबत, स्वयंपाक करीत, दगड फोडीत, इमारती बांधीत, आणि त्याच हातांनी पाटी धरीत. वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले. १९४० साली सातारला महाराजा सयाजीराव यांच्या नावाने 'कमवा आणि शिका' तत्त्वावरचे हायस्कूल निघाले. हा सगळा खटाटोप ज्यासाठी होता, ते मी माझ्या शब्दांत सांगतो: मुलाने राबावे, पण राबण्याचा मोबदला म्हणून त्याला शाळा मिळावी. आमच्या मराठवाड्यात त्या काळी खेड्यातल्या मुलास मराठी शाळाच दुर्मिळ होती. हा प्रयोग आम्हांस उशिरा, आणि तोही ऐकीव, कळला.

आता तो अपराध.

१९८१ च्या मे महिन्यात जालना जिल्हा स्वतंत्र झाला, त्यानंतर दोन-तीन वर्षांची गोष्ट. दुधनेकाठच्या एका गावी मी चौथीचा वर्ग शिकवीत होतो. उमेदीचे वय, शिस्तीचा भोक्ता. शाळेत आम्ही 'संचयिका' चालवीत असू. मुलांनी खाऊचे पैसे वाचवून शाळेच्या बँकेत ठेवावेत, प्रत्येकाचे पासबुक असावे, मुलांपैकीच एकाने खजिनदार व्हावे, अशी ती योजना. तपासणीस आलेल्या साहेबांनी आमच्या संचयिकेची प्रशंसा केली होती. वस्तुतः त्या गावात खाऊचे पैसे कोणास मिळत होते? मुले बापाकडे हट्ट धरून चार-आठ आणे आणीत आणि आम्ही त्याला बचत म्हणत असू.

वर्गात एक मुलगा होता. त्याचे नाव येथे देत नाही. दर आठवडी बाजाराच्या दिवशी तो गैरहजर. पावसाळा सरला की बांधावरची सीताफळे उतरवून तो तालुक्याच्या बाजारात नेई. सीताफळे संपली की बोरे, मग चिंचा. मी एकदा त्याला बाजारात गाठले, तेव्हा टोपलीत फळांचे तीन भाग केलेले होते. ज्यांचे डोळे पुरते उघडले ती आजच्या आज विकावयाची. ज्यांचे नुकते उघडू लागले ती उद्या तालुक्याच्या मोटारस्थानकावर. आणि टणक ती गवतात घालून तिसऱ्या दिवसासाठी. कोणाला कोणते द्यावे हेही त्याला ठाऊक. परगावी जाणाऱ्यास तो पिकलेले देत नसे. डझनाचा भाव, त्यातून पाच फळांचे पैसे, वर सुटी मोड, हे सर्व तो तोंडी करी. माझ्या वर्गात त्रैराशिकाचे उदाहरण फळ्यावर सोडवून दिल्यावरही निम्मी मुले चुकत.

दुसऱ्या दिवशी मी त्याला वर्गासमोर उभे करून छड्या मारल्या, आणि बापास घेऊन आल्याविना वर्गात पाऊल टाकू नये असे बजावले. बाप उसाच्या टोळीबरोबर गेलेला होता, हे मला ठाऊक नव्हते. मी विचारलेही नव्हते. मुलगा परत आला नाही. त्या शनिवारी मी संचयिकेची वही नेहमीप्रमाणे जुळविली, आणि ज्याच्याजवळ स्वकष्टाचा पैसा होता असा वर्गातील एकुलता एक मुलगा आता वर्गात नाही, हे माझ्या ध्यानातही आले नाही. ध्यानात आले ते पुष्कळ वर्षांनी, जावजींची हकीकत वाचताना. जावजी ज्या खोलीत खिळे घासत, तेथे निदान अक्षरे तरी होती.

निवृत्तीनंतर एकदा मी जालन्याच्या बसस्थानकाबाहेर उभा होतो. हातगाडीवरच्या एका पन्नाशीच्या गृहस्थाने हाक मारली, "गुरुजी, वळखलं का?" मी ओळखले नाही. त्याने नाव सांगितले तेव्हा मला उभे राहवेना. गाडीच्या दांड्याला धरून राहिलो. तो पूर्वीसारखाच हसतमुख. गाडीवर सीताफळे होती, आणि त्यांचे तीन भाग केलेले होते. चाळीस वर्षे तो तेच काम करीत आला होता. माल अडत्याकडून उधारीवर उचलावयाचा, संध्याकाळी भरणा करावयाचा. वही अडत्याची, आकडे अडत्याचे. मुलीला मात्र त्याने बारावीपर्यंत शिकविले, हे त्याने दोनदा सांगितले. मी त्या छड्यांचा विषय काढला. तो म्हणाला, "तुमचं काय चुकलं गुरुजी, मीच बाजार सोडीत नव्हतो." चार फळे त्याने पिशवीत घातली, ती परगावी जाणाऱ्यास द्यावयाची, नुकते डोळे उघडू लागलेली. पैसे घेईना.

मी निघालो तेव्हा त्याने खिशातून घडी घातलेला एक कागद काढला. अडत्याच्या दुकानातली ती मागील महिन्याची चिठ्ठी होती. "पोरगी गावाला गेलीय," तो म्हणाला. "एवढं वाचून सांगता का, बाकी किती लावलीय ते?"

मी चष्मा काढून ती वाचली. बेरीज त्याने तोंडी आधीच केलेली होती. चिठ्ठीतली बाकी तिच्याहून एकशे चाळीस रुपयांनी अधिक होती.